बेचाळीस अंशांवर अडलेले निरोप

मित्रांनो, मी कोणाच्या काखेत किंवा जिभेखाली कधी गेलेलो नाही. मी एक जुना तापमापक आहे खरा, पण आजारी माणसांचा नव्हे, पाण्याचा. वीतभराहून थोडी लांब काचेची कांडी, खाली पाऱ्याने भरलेला इवलासा फुगा, पोटातून केसासारखी बारीक नळी आणि अंगावर शून्यापासून शंभरापर्यंत रेघा, एवढेच माझे रूप. आज मी ज्या डब्यात आहे त्यावर कवटीचे चित्र चिकटवलेले आहे. घाबरू नका. डब्यात शिरेपर्यंतचे माझे आयुष्य अगदी सरळमार्गी होते.

माझा जन्म काचेची उपकरणे बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. कारागिराने नळी ओढली, फुगा फुगवला, पारा भरला आणि वरचे तोंड बंद केले. पण तेवढ्याने कोणी तापमापक होत नाही. तोवर मी नुसती मुकी कांडी होतो. मला बोलते केले ते खुणा करणाऱ्या मावशींनी. त्यांनी मला आधी चुरलेल्या बर्फात उभे केले, मग वाफेत धरले, आणि शेवटी कोमट पाण्यात एका जुन्या तापमापकाच्या शेजारी बसवले. त्याला कारखान्यात सगळे थोरला म्हणत. थोरला जो आकडा सांगेल तो मी सांगायचा. भिंगातून बघत मावशी माझ्याशी पुटपुटायच्या, "थोरल्याचं ऐक. मनाचं काही सांगायचं नाही." मग माझ्या अंगावर मेण लावून, त्यावर खुणा ओरखडून मला आम्लात बुडवले. त्या रेघा अजून जशाच्या तशा आहेत.

तिथून मी आलो तो एका प्रयोगशाळेत. लांबट खोली, मधोमध काळ्या फरशीचे ओटे, खिडकीपाशी बेसिन आणि कोपऱ्यात सदा घुरघुरणारी एक पत्र्याची टाकी. तिला सगळे वॉटर बाथ म्हणत. तिच्यातले पाणी हव्या त्या अंशांवर तापवून ठेवायचे, आत काचेचे फ्लास्क चिमट्यांत अडकवायचे आणि टाकीने त्यांना हळूहळू डुलवत राहायचे, असा तिचा दिनक्रम. मला एका बुचात खोवून तिच्या कोपऱ्यात लटकवले. छाती पाण्यात, डोके बाहेर. माझी नोकरी सुरू झाली.

या प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणजे बाई. मी आलो तेव्हा त्या प्रमुख नव्हत्या, संशोधन करणारी एक विद्यार्थिनी होत्या. पण तेव्हाही सगळे त्यांना बाईच म्हणत, कारण त्या कोणाची भीडभाड ठेवत नसत. सकाळी आल्या की खांद्यावरची पिशवी उतरवण्याआधी त्या माझ्यापाशी येत आणि विचारत, "काय म्हणतोस?" मी सदतीस म्हणालो की मगच पिशवी खाली ठेवत. त्यांचा सगळा प्रबंध माझ्या आकड्यावर उभा राहिला. आता ही बढाई वाटेल, पण पाणी किती तापले आहे हे त्या टाकीत दुसरे कोणी सांगू शकत नव्हते.

तिथे चालायचे काय, तेही सांगतो, नाहीतर पुढचे कळणार नाही. बाई पुढे प्रमुख झाल्या, आणि नवी मुले आली की टाकीच्या काठाला टेकून त्या समजावू लागत. ते मी इतक्यांदा ऐकले की मला तोंडपाठ आहे.

"यीस्टची एक पेशी म्हणजे एक घर धरा," बाई म्हणत. "मधे केंद्रक. ती कुलूपबंद कोठीची खोली. मूळ कागद, म्हणजे डीएनए, तिथेच राहणार. तो काही बाहेर यायचा नाही. कामं मात्र सगळी बाहेरच्या खोलीत. मग बाहेरच्यांना कळणार कसं, आज काय बनवायचंय ते? म्हणून मूळ कागदावरून निरोप उतरवून घ्यायचा आणि तो बाहेर धाडायचा. तो निरोप म्हणजे संदेशवाहक आरएनए."

"तो आपला आपण जातो?" कोणीतरी हटकून विचारी.

"तो लांबच लांब दोरा. आपला आपण जायला लागला तर दारातच अडकेल. दारात बारीक धाग्यांची मऊ जाळी असते आणि ती अनोळखी माणसाला थारा देत नाही. म्हणून आधी काही प्रोटीनं त्या दोऱ्याला नीट सावरतात, निरोप पुरा झालाय की नाही ते बघतात. मग हमाल प्रोटीनं येऊन त्याला धरतात. हमालांची जाळीशी सलगी असते. ते तिच्यातून सरकत सरकत निरोप बाहेर काढतात."

"आणि मग हमाल त्याच्याबरोबर पुढे जातात?"

"नाही. उंबऱ्याबाहेर आणखी एक प्रोटीन उभं असतं. ते हमालांना निरोपापासून सोडवतं. हमाल सुटले की निरोपाला मागं फिरता येत नाही, तो पुढंच जातो. आणि हमाल मोकळ्या हातांनी आत परततात, दुसरा निरोप उचलायला."

आता एखादे प्रोटीन या वाहतुकीतले आहे की नाही, हे ओळखायचे कसे? त्याची युक्ती होती. ज्या यीस्टमधले नेमके तेवढेच प्रोटीन नाजूक आहे, अशी यीस्ट घ्यायची. पंचवीस अंशांवर ती गुण्यागोविंदाने वाढते. सदतीसवर ठेवली की ते एक प्रोटीन मान टाकते आणि बाकीची ठणठणीत राहतात. मग निरोपांना चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकातून बघायचे. पेशीभर उजेड पसरला असेल तर निरोप बाहेर पोहोचले. मधोमध एकच झगझगीत ठिपका असेल तर निरोप कोठीत कोंडले गेले, म्हणजे मान टाकलेले प्रोटीन त्यांच्या वाटेत कामाचे होते. सगळा खेळ सदतीसवर होता, म्हणून मला मान होता.

तो मान गेला एका अपघाताने. माझ्यासारखाच दुसरा एक तापमापक कोणाच्या तरी हातून निसटला आणि फरशीवर फुटला. पाऱ्याचे मणी ओट्याखाली पळाले. बाईंनी सगळ्यांना बाहेर काढले, खिडक्या उघडल्या आणि कागदाच्या कपट्यांनी एकेक मणी गोळा करवून घेतला. पारा विषारी असतो, त्याची वाफही वाईट. कार्यालयातून हुकूम निघाला की पाऱ्याचे सगळे तापमापक जमा करा. हुकूम रास्त होता, माझी तक्रार नाही. त्याच सुमारास जुनी टाकी जाऊन नवी आली. तिच्या कपाळावर लाल आकडे उमटत आणि पाण्यात सोडलेली एक धातूची काडी तिला पाणी किती तापले ते कळवी.

माझी भावंडे कवटीच्या डब्यात गेली. मला मात्र बाईंनी कापसात गुंडाळून ओट्याच्या खणात ठेवले. "याला मी देते नंतर," त्या म्हणाल्या. ते नंतर काही लवकर आले नाही. खणात माझ्या सोबतीला वाळलेली पेने आणि एक तुटका चष्मा होता. खण नीट बंद होत नसे, त्यामुळे मला बाहेरचे सगळे ऐकू येई. पण नुसते ऐकून काय करायचे? मला वाईट वाटायचे, हे खरेच सांगतो.

याच काळात मुंगी आली. अंगाने एवढीशी, पण स्वतःहून मोठी खोकी उचलून चालायची, म्हणून हे नाव. तिला एक नवे प्रोटीन हाती लागले होते आणि ते हमाल असावे असा तिचा संशय होता. शेजारी काम करणारा लांब्या वयाने मोठा, उंचीने दाराला डोके लावणारा. टाकीतले बहुतेक चिमटे त्याच्या फ्लास्कांनी अडवलेले असत. मुंगीच्या वाट्याला दोनच येत. तिने एकदा विचारले, निरोगी यीस्टचा फ्लास्क कुठे ठेवू? तोही हवाच ना शेजारी, तुलनेला?

"तिला कशाला जागा अडवायला लावतेस?" लांब्या म्हणाला. "निरोगी यीस्टला सदतीसनं काय धाड भरणार आहे? राहू दे बाहेर पंचवीसला. इथं सगळे तसंच करतात."

ते खरे होते. टाकीत दाटी असली की निरोग्याला बाहेर ठेवायचे, ही त्या प्रयोगशाळेची जुनी वहिवाट होती. बाईंनीच ती कधीतरी चालवून घेतली होती. मुंगीनेही मग तेच केले. नाजूक यीस्ट टाकीत, निरोगी बाहेर.

आणि निकाल असा आला की खोलीत आनंदीआनंद झाला. नाजूक यीस्टच्या पेशीपेशीत झगझगीत ठिपका, निरोगीत सगळीकडे उजेड. बाई उगाच कौतुक करत नाहीत. त्या म्हणाल्या, "बघू परत." परत तेच आले. तेव्हा त्या म्हणाल्या, "हमाल सापडला गं तुला." मुंगीच्या आईने फोनवर ही बातमी ऐकली आणि संध्याकाळपर्यंत ती साऱ्या नातेवाइकांना कळली. बाई चार ठिकाणी व्याख्यानांत सांगून आल्या. एक मोठी परिषद जवळ आली होती, तिथे मुंगी स्वतः बोलणार होती. प्रबंधही त्यावरच लिहून होत आला होता.

लांब्याला दुसरीकडे नोकरी लागली आणि तो गेला. टाकी निम्म्याहून अधिक रिकामी झाली. परिषदेसाठी सुबक चित्रे हवीत म्हणून मुंगीने पुन्हा प्रयोग लावला आणि जागा होतीच, म्हणून निरोगी यीस्टचा फ्लास्कही टाकीत ठेवला. हे तिने सहज केले. कसलाही संशय तिच्या मनात नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती सूक्ष्मदर्शकाच्या खोलीतून आली आणि माझ्या खणासमोरच्या स्टुलावर बसून राहिली. बाई आल्या तेव्हा ती म्हणाली, "बाई, निरोग्यांतही ठिपका आलाय."

"फ्लास्कांची अदलाबदल झाली असेल."

"मलाही तेच वाटलं, म्हणून मी काल सगळं दोनदा केलं. दोन्हींत सारखाच ठिपका."

बाईंनी विचारले, "पाणी किती आहे?"

"सदतीस. हे काय, समोर दिसतंय."

"समोर दिसतंय ते टाकीच्या कपाळावर. पाण्यात किती आहे?"

 मुंगीच्या आयुष्यात पाणी आणि कपाळ वेगळे कधी नव्हतेच.

खण ओढला गेला. कापूस सुटला. "हा अजून ठेवलाय तुम्ही?" मुंगी म्हणाली. "यात पारा आहे ना?"

"आहे. नीट धर. तूच वाच."

मित्रांनो, इतक्या वर्षांनी अंगाला पाणी लागले तेव्हा मला आधी नुसता आनंद झाला. पारा वर चढू लागला. तीस. पस्तीस. सदतीसच्या रेघेपाशी आलो तेव्हा मुंगीचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता आणि ती श्वास रोखून होती. मी तिला कधी पाहिले नव्हते, नुसते ऐकले होते. तिचे हसणे, आईशी लाडात बोलणे, फ्लास्क धुताना गुणगुणणे. मला तिथेच थांबावेसे वाटले. तिच्यासाठी थांबावेसे वाटले. पण पारा माझे ऐकत नाही, तो पाण्याचे ऐकतो. तो सदतीस ओलांडून गेला, चाळीसच्याही पुढे गेला आणि मग एका रेघेवर येऊन थबकला.

"बेचाळीस," मुंगी म्हणाली.

बाईंनी स्वतः वाकून वाचले. "बेचाळीस."

धातूची काडी शोधली तर ती आपल्या चापातून निसटून कडेला तिरकी पडली होती, अर्धी पाण्यात आणि अर्धी हवेत. तिला गार लागे, म्हणून ती टाकीला आणखी तापव म्हणे, आणि कपाळावर सदतीस दिसे. ती कधी निसटली, टाकी धुताना की हलवताना, हे कोणालाच सांगता येईना.

"बेचाळीसला कुठलीही यीस्ट हबकते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "नेहमीचे निरोप आत अडवून ठेवते आणि ताप सोसायला लागणारे तेवढे बाहेर सोडते. हे आपण पहिल्याच वर्षी शिकवतो."

"म्हणजे माझे ठिपके नुसत्या तापाचे?"

"असतील. नसतीलही. खऱ्या सदतीसला तुझ्या यीस्टमधे ठिपका आला आणि निरोग्यात नाही आला, तर तुझा हमाल तुझाच. आधी पाणी नीट करू."

काडी जागेवर बसवली. मला बुचात खोवून पुन्हा कोपऱ्यात लटकवले. या वेळी निरोगी फ्लास्क सगळ्यात आधी पाण्यात गेला आणि नाजूक यीस्ट त्याच्या शेजारी. तासभर मी सदतीसवर उभा होतो. मला मुंगीसाठी काही करता येण्यासारखे एवढेच होते.

निकाल सांगायला मुंगी धावत आली नाही. ती चालत आली, आणि तेव्हाच मला कळले. दोन्ही फ्लास्कांत पेशीभर उजेड होता. निरोप आपले नेहमीसारखे बाहेर गेले होते. ते प्रोटीन असो वा नसो, त्यांचे काही अडले नव्हते.

"हमाल नाहीच तो," मुंगी म्हणाली.

"नाही," बाई म्हणाल्या, आणि शेजारचे स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या. 

मग आईचा फोन आला. "मावशी विचारतेय, तुझ्या प्रोटीनचं नाव काय ठेवलंस?"

"आई, ते चुकलं. टाकीतलं पाणी जास्त तापलं होतं."

"मग थंड कर ना."

"केलं. म्हणून तर कळलं."

आईने विचारले, "म्हणजे तू नापास?"

"नाही गं. उशीर होईल. वर्षभर तरी."

"जेवलीस का?"

"नाही."

"आधी जेव. मावशीला मी सांगते, पाणी तापलं होतं म्हणून. तिचा गिझरही तसंच करतो." मुंगीला हसू आले आणि त्यापाठोपाठ रडूही. बाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि बाहेर बघत राहिल्या.

परिषदेत कोणी बोलायचे यावरून दोघींचा वाद झाला. बाई म्हणाल्या, "मी उभी राहते. गावभर मीच सांगत फिरले." मुंगी म्हणाली, "उचलून आणलं होतं मी, परत ठेवणारही मीच." आणि ती गेली. तिथे काय झाले ते मी नंतर त्यांच्या बोलण्यातून ऐकले. तिने चार चित्रे शेजारीशेजारी दाखवली, दोन्ही यीस्ट बेचाळीसला आणि दोन्ही सदतीसला, आणि स्वतःचे जुने म्हणणे मागे घेतले. मागच्या रांगेत कोणीतरी हसले. नंतर एक वयस्क गृहस्थ येऊन खाजगीत म्हणाले, "आमच्याकडेही निरोगी फ्लास्क बाहेरच असतो हो," आणि चहाला न थांबता निघून गेले.

आता त्या प्रयोगशाळेत निरोग्याचा चिमटा राखीव आहे. तिथे दुसऱ्या कोणी फ्लास्क लावला की मुंगी काढून ठेवते, मग तो बाईंचा असला तरी. तापलेली यीस्ट गार केली की निरोगी पेशींचे निरोप पुन्हा वाटेला लागतात, पण आपल्या नाजूक यीस्टमध्ये ते जरा रेंगाळतात, असे तिला परवा दिसले. बाई म्हणाल्या, "बघू परत." त्यातून काय निघेल ते मला ठाऊक नाही.

मला कळणारही नाही, कारण आता माझी पाळी आली आहे. गेल्या आठवड्यात नवा काचेचा तापमापक आला. त्याच्या पोटात पारा नाही, लाल रंगाचा साधा द्रव आहे. तो फुटला तर कोणाला पळावे लागणार नाही. मुंगीने आम्हा दोघांना शेजारीशेजारी बर्फात उभे केले, मग सदतीसच्या पाण्यात, मग बेचाळीसच्या. सदतीसला तो अर्धा अंश कमी सांगत होता. मुंगीने माझा आकडा वाचला आणि त्याच्या अंगावर खऱ्या सदतीसपाशी रंगाची बारीक रेघ मारली. मी मनातल्या मनात त्याला म्हणालो, थोरल्याचं ऐक. तो बिचारा नवखा, काही बोलला नाही.

मला त्या वेळी बाईंचे हमाल आठवले. उंबऱ्यावर कोणीतरी सोडवून घेते आणि निरोप पुढे जातो. त्यांना निदान परत आत जायला मिळते.

मित्रांनो, माझे मागणे थोडेच आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा पाऱ्याचा कोणी असेल तर त्याच्याशी खेळू नका. फुटलाच तर मण्यांना हात लावू नका, मोठ्या माणसांना हाक मारा. आणि आकडा सांगणाऱ्या कोणालाही, तो माझ्यासारखा जुना असो की कपाळावर लाल दिवे मिरवणारा, अधूनमधून दुसऱ्याच्या शेजारी उभे करा. नव्यावर माझा राग नाही. ती काडीही खोटे बोलत नव्हती, तिला जे लागत होते तेच सांगत होती. तिला कोणी विचारायला गेले नाही, इतकेच.

काल बाईंनी मला बुचातून काढले, पुसले आणि डब्यापाशी आणले. झाकण उघडून त्या क्षणभर थांबल्या. मग मला डोळ्यांसमोर धरून त्यांनी पूर्वीसारखे विचारले, "काय म्हणतोस?"

खोलीत होते तेवढेच मी सांगितले. सव्वीस. बाईंनी मान हलवली आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.